उत्तर: टायमर लावूनही सकाळी गाडी चार्ज नाही

म्हापशाहून विचारलंय की रात्री 11चा टायमर लावूनही इलेक्ट्रिक गाडी चार्ज होत नाही. बहुधा गाडीत आणि भिंतीवरच्या चार्जरमध्ये, दोन्हीकडे टायमर असणार. दोन्ही वेळा जुळतात तेवढाच वेळ वीज मिळते. चार्जर उशिरा सुरू झाला तर काही गाड्या झोपूनच राहतात, म्हणजे चार्जिंग सुरूच करत नाहीत. चार्जरचा टायमर काढा, गाडीतलाच ठेवा.

वेळेचा हिशेब: 30 युनिटची बॅटरी 20 वरून 80 टक्क्यांवर न्यायला 18 युनिट, गळतीसकट 20. 3.3 किलोवॅटच्या चार्जरला सहा तास. पावसाळ्यात आपल्या गोव्यात लाईट जातेच, म्हणून दोन तास जादा धरा. लाईट आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होतं का, हे मेन स्विच बंद-चालू करून आधीच तपासा.