हवानातल्या परिषदेला अमेरिकेतून जायचंय: ओफॅकचं लायसन्स, हॉटेल आणि कागदपत्रं

प्रश्न (डासशास्त्र)

भारतीय पासपोर्ट, अमेरिकेत एच-1बी वर वास्तव्य, काम डेंग्यूच्या साथींवर. हवानात चार दिवसांची वैद्यकीय परिषद आहे आणि माझा निबंध स्वीकारला गेलाय. आयोजकांनी नोंदणी आणि परिषदेचंच हॉटेल असं एकत्र पॅकेज पाठवलंय. अमेरिकी नागरिक नसताना अमेरिकेचे क्यूबावरचे निर्बंध मला लागू होतात का? ओफॅककडे, म्हणजे अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंध पाहणाऱ्या कार्यालयाकडे, अर्ज करावा लागतो का? मेक्सिकोमार्गे गेलं तर सुटका होते का? नवरा सोबत येऊ शकतो का, आणि परिषद संपल्यावर दोन दिवस वाराडेरोच्या समुद्रकिनाऱ्यावर राहता येईल का?

उत्तर (नियमवाचक)

पासपोर्ट कोणता यावर हे ठरत नाही. क्यूबाविषयीचे नियम 31 सीएफआर (अमेरिकी केंद्रीय नियमांची संहिता) भाग 515 मध्ये आहेत. ते अमेरिकी नागरिकांना आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना जगात कुठेही लागू होतात, शिवाय अमेरिकेच्या हद्दीत असलेल्या कुणालाही. म्हणजे तुम्हालाही. मेक्सिकोमार्गे गेल्याने काहीच बदलत नाही, कारण नियम विमानाच्या वाटेवर नाही, क्यूबातल्या तुमच्या खर्चावर आहे.

अर्ज मात्र करायचा नाही. कलम 515.564 चं जनरल लायसन्स व्यावसायिक संशोधन आणि व्यावसायिक परिषदा दोन्हींना आहे. जनरल लायसन्स म्हणजे कुणी सही करून दिलेला कागद नव्हे. अटी पाळल्या की ते आपोआप लागू, मोडल्या की नाही. परिषदांचा भाग सप्टेंबर 2020 मध्ये काढून टाकला होता आणि जून 2022 मध्ये परत आणला, त्यामुळे जुन्या लेखांत 'परिषदेला परवानगी नाही' असं दिसलं तर तारीख पाहा. हे नियम सरकार बदललं की बदलतात. तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा मूळ कलम उघडून वाचा.

अटी अशा: परिषदेचा विषय तुमच्या व्यवसायाशी, पार्श्वभूमीशी किंवा तज्ज्ञतेशी थेट जुळला पाहिजे; डेंग्यूवर काम करणाऱ्याला साथरोगांची परिषद, यात शंका नाही. पर्यटन किंवा छंद चालत नाही. आणि मोकळा वेळ पूर्ण वेळच्या वेळापत्रकात बसेल इतकाच. सत्रं संपल्यावर संध्याकाळी मालेकॉनवर, म्हणजे हवानाच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, फेरी मारली तर कुणी हरकत घेणार नाही. परिषद संपल्यावर वाराडेरोचे दोन दिवस मात्र सरळ पर्यटन होतं आणि त्याला कोणतंच जनरल लायसन्स नाही. ते दिवस काढून टाका.

नवऱ्याचं: प्रत्येकाने स्वतः पात्र ठरायला हवं. एक जण पात्र म्हणून अख्खा गट पात्र होत नाही. जवळच्या नातेवाइकांचं कलम 515.561 वेगळं आहे, ते नीट वाचल्याशिवाय त्यांचं तिकीट काढू नका.

उत्तर (खातेवही)

खरा धोका त्या पॅकेजमध्ये आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दोन याद्या आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक 'क्यूबा रिस्ट्रिक्टेड लिस्ट': तिच्यातल्या संस्थांशी थेट पैशाचा व्यवहार नको. दुसरी 'क्यूबा प्रोहिबिटेड अकोमोडेशन्स लिस्ट': तिच्यातल्या जागी राहणं, राहण्याचे पैसे देणं किंवा दुसऱ्यासाठी खोली आरक्षित करणं, तिन्ही बंद. परिषदेला हजर राहायची मुभा असली तरी परिषदेच्या हॉटेलात राहायची मुभा त्यातून मिळत नाही.

आयोजकांना लिहा की नोंदणी शुल्काची पावती वेगळी हवी, राहण्याची सोय आम्ही पाहू. शुल्क ज्या संस्थेच्या नावावर जातं तीही पहिल्या यादीत शोधा. राहायला खासगी घर, म्हणजे कासा पार्तिकुलार, घ्या. पण त्याचं नाव आणि पत्ता दुसऱ्या यादीत तपासा, कारण तिथे काही खासगी घरंही आहेत. तपासलं त्या दिवसाची यादी पीडीएफ करून ठेवा. यादी नंतर बदलली तर तेवढाच पुरावा हाती राहतो.

प्रश्नकर्ती (डासशास्त्र)

पॅकेज रद्द करते, वाराडेरोही. कागद नेमके कोणते, आणि किती वर्षं?

उत्तर (खातेवही)

निमंत्रण, निबंध स्वीकारल्याचं पत्र, छापील कार्यक्रम, नोंदणीची आणि घराची पावती, तिकिटं. शिवाय रोज कुठल्या सत्राला बसलात, कुणाला भेटलात याची त्याच दिवशी केलेली नोंद. ही नोंद लोक टाळतात, आणि पूर्ण वेळ कामात होतात हे दाखवायला तीच लागते. पाच वर्षं.

उत्तर (नियमवाचक)

इथे दुरुस्ती हवी. 12 मार्च 2025 पासून कलम 501.601 प्रमाणे दहा वर्षं. एका उल्लंघनाला दिवाणी दंडाची कमाल रक्कम एक लाख डॉलरच्या वर आहे, तेव्हा पावत्या स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. थर्मल कागदाची शाई तर वर्षभरातही उडते.

उत्तर (सामानसुमान)

उरलेलं व्यवहाराचं. विमान कंपनी बुकिंगच्या वेळी प्रवासाचा प्रकार विचारते. तिथे 'व्यावसायिक संशोधन व परिषदा' हाच निवडा. 'सपोर्ट फॉर द क्यूबन पीपल' सोपा वाटतो म्हणून तो निवडू नका. तो कलम 515.574 चा वेगळा प्रकार आहे, आणि नोंद एक व कागद दुसरेच असले की परतताना उत्तर देणं अवघड जातं.

अमेरिकी बँकांची कार्डं तिथे चालतील असं धरू नका. पूर्ण मुक्कामाची रोकड न्या, थोडी जास्तच. शुल्क बँकेतून पाठवताना तपशिलात कलम क्रमांक लिहा. नुसतं 'क्यूबा' दिसलं की वैध व्यवहारही अडकून पडतो. नेहमीचा लॅपटॉप स्वतःच्या सामानात नेऊन परत आणता येतो, पण प्रयोगशाळेचं उपकरण किंवा नमुने न्यायचे असतील तर तो वाणिज्य खात्याच्या निर्यात नियमांचा विषय आहे. विद्यापीठाच्या एक्स्पोर्ट कंट्रोल कार्यालयाला आधी विचारा. येताना पुस्तकं, निबंध, पोस्टर्स, चित्रं आणता येतात. रम आणि सिगार नाही, भेट मिळालेले असले तरी.

आणि क्यूबाचा व्हिसा ही पूर्ण वेगळी गोष्ट. परिषदेसाठी कुठला लागतो ते आयोजकांकडून लेखी घ्या, आणि ते पत्रही फायलीत लावा.