मदत हवी: मॉली जागेवरच थरथरायल्यात, रोज एखादी मरायली

औसा_रोड: नमस्कार. माशांचा दोन फुटी टँक आहे. गप्पी, प्लॅटी आणि काळ्या मॉली. मॉली पर मिटून एकाच जागी डुलत राहतात, पुढं सरकतच नाहीत. मग तळाला बसतात आणि सकाळी मेलेल्या सापडतात. आता प्लॅटीपण तसंच करायलेत. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, बुरशी नाही. दुकानातून मिळालेलं निळं औषध टाकलं, पाणी निळं झालं, मासे तसेच. बाकी पाणी एकदम स्वच्छ असतं. लेकीनं एकेकीला नाव ठेवलंय, शाळेतून आली की दप्तर न काढता टँकपाशी जाते. कृपया लवकर सांगा.

परभणीकर: लाइट किती तास जाते? आमच्याकडं मे महिन्यात पाणी 33 अंशांवर गेलं होतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यात फिल्टर बंद. बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या.

औसा_रोड: पाणी 27 आहे. इन्व्हर्टर आहे. गर्मीचा विषय नाही.

निळी_मॉली: मॉली म्हटलं की मीठ. 10 लिटरला एक चमचा खडे मीठ, आयोडीनचं नको. माझ्या मॉली वर्षानुवर्षं मिठाच्या पाण्यात आहेत, एकीला काही झालं नाही.

शिंपला: मिठावर नंतर बोलू. औसा रोड, पाणी कुठलं? नळ, बोअर, टँकर? किती बदलता? फिल्टर कसा धुता?

औसा_रोड: लिहिलंय की, स्वच्छ पाणी. आम्ही पितो तेच, आरओचं. बोअरचं कसं टाकणार, घागरीला बोटभर पांढरा थर बसतो. दर रविवारी टँक पूर्ण रिकामा करतो, खडे आणि स्पंज नळाखाली घासून धुतो. निष्काळजीपणा अजिबात नाही.

हिरवा_काठ: गप्पीची मादी गाभण असेल तर पोटामागचा डाग गडद होतो. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते. एकदा नराशी संग झाला की पुढं काही महिने नर नसला तरी पिल्लं होत राहतात. मोठे मासे पिल्लं खातात, म्हणून टँकमध्ये जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झाड) दाट ठेवा.

औसा_रोड: पिल्लांचं विचारलं नव्हतं.

शिंपला: कारण सापडलं असं मला वाटतं. मॉली, प्लॅटी, गप्पी हे तिन्ही जड पाण्याचे, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या पाण्याचे मासे. मॉली तर मूळच्या मेक्सिको-मध्य अमेरिकेकडच्या, काही ठिकाणी खाडीच्या मचूळ पाण्यातसुद्धा राहतात. त्यांना पाण्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं. आरओ मशिन नेमकं तेच काढून टाकतं. अशा पाण्यात मॉली जागच्या जागी डुलायला लागते, हौशी लोक त्याला शिमी म्हणतात. तो जंतूंचा रोग नाही, म्हणून निळ्या औषधानं फरक पडला नाही. ज्या क्षारांना तुम्ही घाबरताय तेच या माशांना हवेत. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी यांना चांगलं मानवतं.

दुसरं, स्पंज घासून धुणं आजपासून बंद. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. स्पंजातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनमध्ये स्पंज धुतला की ते जिवाणू मरतात, आणि ती वसाहत पुन्हा बसायला महिना-दीड महिना जातो. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा. पाणी आठवड्याला चौथाई बदलायचं, पूर्ण कधीच नाही.

निळी_मॉली: म्हणजे मीठच की शेवटी! क्षार म्हणजे मीठ.

शिंपला: नाही ताई. खडे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, त्यानं पाण्याचा जडपणा वाढत नाही. तुमचं पाणी मुळात जड असेल म्हणून मॉली सुखात आहेत. यांच्या आरओत मीठ टाकलं तर कॅल्शियम कुठून येणार? शिवाय टँकमधली काही झाडं जळू शकतात.

निळी_मॉली: माझं पाणी बोअरचं आहे हे खरं. पण मिठानं मासे तरतरीत होतात हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यावरून मी हटणार नाही.

गोदाकाठ: एवढा खर्च कशाला? आमच्या गावात आरोग्य कर्मचारी हौदात गप्पी सोडून जातात. डासांच्या अळ्या खाऊन जगतात, कुणी बघतही नाही. उरलेले विहिरीत सोडले, नदीतही सोडायचा विचार आहे.

हिरवा_काठ: नदीत कृपया नको. बंद हौद ठीक आहे. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेचे, आपल्या नदीत वाढले तर इथल्या छोट्या माशांचं खाणं आणि अंडी दोन्ही खातात. गंबुशिया या अळ्या खाणाऱ्या माशाचं हेच झालं. डासांसाठी जगभर सोडला आणि आज जगातल्या 100 सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत आहे.

गोदाकाठ: डेंग्यूनं घरातलं माणूस आजारी पडलं की मग बोला.

औसा_रोड: हे भांडण दुसऱ्या धाग्यावर करा. शिंपला, आरओवाल्याकडून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणला. टँक 48, बोअर 1,060. लगेच सगळं बोअरचं टाकू का?

शिंपला: अजिबात नको! एकदम बदल झाला तर उरलेलेही जातील. रोज दहावा हिस्सा पाणी काढा आणि तितकंच बोअरचं हळूहळू ओता. टीडीएस 400 ते 500 वर आला की थांबा, पुढं दोन्ही पाणी मिसळून वापरा. बोअर शेताला लागून असेल तर एकदा नायट्रेट तपासून घ्या, खताचं पाणी खाली मुरतं. समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या कॅल्शियमच्या हाडाचा, तुकडा फिल्टरमध्ये ठेवला तरी चालतो, तो सावकाश विरघळतो.

टाकी_नंबर_दोन: आमच्याकडं टँकरचं पाणी येतं, टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास येतो. चालेल का?

शिंपला: थेट नको. उघड्या टबात एअर पंप लावून एक दिवस ठेवा, किंवा दुकानात अँटीक्लोरीन मिळतं ते टाका.

औसा_रोड: एक मॉली आत्ताही थरथरायली. वेगळ्या बरणीत काढू?

शिंपला: जाळीनं पकडू नका, अजून घाबरेल. तिथंच राहू द्या. आज खाद्य बंद, एअर पंप पूर्ण जोरात चालू ठेवा, पहिला दहावा हिस्सा आत्ताच बदला. सकाळी मीटरचा आकडा इथं लिहा.