एनएफएल: जागावार गुणपत्रिकेवरून संघ कळतो का?

रविवार_रात्रपाळी: (एनएफएल म्हणजे अमेरिकेतली फुटबॉलची लीग, फुटबॉल तिथला, अंडाकृती चेंडूचा.) सीझन तोंडावर आला की ३२ संघांच्या गुणपत्रिका निघतात. क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणारा) इतके, रिसीव्हरना (झेलणारे) इतके, ऑफेन्सिव्ह लाइनला (क्वार्टरबॅकला जपणारे पुढचे पाच) इतके, मग सगळ्याची बेरीज आणि क्रमवारी. ही बेरीजच फसवी आहे असं माझं मत.

फेब्रुवारी २०२१ चा सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, आठवा. कॅन्सस सिटी विरुद्ध टँपा. कॅन्सस सिटीकडे क्वार्टरबॅक महोम्स, झेलायला केल्सी, टायरीक हिल. त्या रकान्यांत पैकीच्या पैकी द्या हवं तर. पण फिशर आणि श्वार्ट्झ हे दोन्ही नेहमीचे टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे) जायबंदी. महोम्स अख्खी मॅच जीव मुठीत धरून पळत होता. एकदा तर आडवा पडता पडता त्यानं चेंडू फेकला, तो एंड झोनमधल्या (मैदानाच्या टोकाचा पट्टा) गड्याच्या हेल्मेटवर जाऊन आदळला. टँपा ३१, कॅन्सस ९. कॅन्ससचा चेंडू एकदाही एंड झोनमध्ये पोचला नाही, एकही टचडाउन नाही.

पहाटेचा_चहा: अहो, जागावार गुण हवेतच असं मी म्हणतो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! गार्डनं (टॅकलच्या आतल्या बाजूचा) साठ डाव (डाव म्हणजे इथे एकेक चाल, क्रिकेटसारखी इनिंग नव्हे) इमानेइतबारे माणूस अडवला तरी स्कोअरकार्डावर त्याचं नाव येत नाही. पीएफएफ ही गुण देणारी कंपनी, तिची माणसं प्रत्येक डाव बघून प्रत्येक खेळाडूला उणे २ ते अधिक २ असे अर्ध्या-अर्ध्या टप्प्यानं गुण देतात आणि मग त्याचे शंभरपैकी करतात. ही माणसं कशी खेळली हे तुम्हाआम्हाला तिथूनच कळतं. आणि कॅन्ससनं त्या हरण्यानंतर केलं काय? ब्राउन, थुनी, हम्फ्री, स्मिथ हे चौघे आणून, पाचवाही बदलून पुढच्या सीझनला लाइनच्या पाचही जागी नवे गडी उभे केले. म्हणजे जागावारच विचार केला ना?

रविवार_रात्रपाळी: गुण देण्याला माझी ना नाही. पण समोरच्या दोघांनी आडवं जाऊन जागा बदलल्या आणि एक जण सुटला, तर चूक सेंटरची (लाइनचा मधला) की गार्डची? कुणी कुणाला अडवायचं हा संघाचा आतला कॉल काय होता ते गुण देणाऱ्याला कुठे ठाऊक असतं? अंदाजच की.

जर्सीकर: मी न्यू जर्सीत राहतो, त्यात जेट्स संघाचा चाहता. २०२३ मध्ये आमच्या क्वार्टरबॅकच्या रकान्यात आरन रॉजर्स होता. पहिल्याच मॅचला चौथ्या डावात त्याचा टाचेमागचा अकिलीस तुटला आणि सीझन ७-१० वर (सात जिंकले, दहा हरले) संपला. राखीव खेळाडूंचा रकाना कोण बघतं हो? ५३ जणांचा रोस्टर (संघाची यादी) असतो, पत्रिका २२ जणांची.

पहाटेचा_चहा: जर्सीकर, दुखापतीला काय गुण देणार? ते ज्योतिषाचं काम. मात्र बेरीज सोडून रकान्याला रकाना भिडवून वाचा, हे मान्य. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाची डिफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) कॅन्ससच्या लाइनसमोर ठेवून बघा. अंगावर जादा माणसं न सोडता त्यांनी महोम्सला सहा वेळा आडवा केला. ४०-२२. आम्ही पहाटे पाचला उठून बसलो होतो, हाफटाइमला २४-० बघून चहा गार झाला.

रविवार_रात्रपाळी: त्याच मॅचचं घ्या मग. थुनी गार्ड म्हणून अव्वल, पण टॅकल धड मिळेना म्हणून कॅन्ससनं त्याला लेफ्ट टॅकलला (डावीकडच्या टोकाला) नेला होता. त्याचे गार्डचे गुण तुम्ही आता कुठल्या रकान्यात लिहिणार?

पहाटेचा_चहा: टॅकलच्याच. आणि कमी करून.

जर्सीकर: आम्हाला तो गार्ड म्हणून चालेल, पाठवा इकडे.