१४ वर्षांची मनी आणि नवा दांडगा बोका, जमतच नाहीये

मनीची_माणसं:
आमची मनी १४ वर्षांची, आत्तापर्यंत घरात एकटीच राज्य केलंय. मागे एक पिल्लू आणलं, गुंड्या, तो आता १० महिन्यांचा झालाय. लहान होता तोवर ती एक चापट द्यायची आणि विषय संपायचा, पण आता तो अंगाने तिच्याहून थोराड झालाय आणि दिवसभर तिच्याच मागे. ती लिटर बॉक्समधून (शी-शूच्या डब्यातून) बाहेर यायच्या वाटेवर दबा धरून बसतो, बूड हलवतो आणि घेतली झेप. ती फिस्कारते, किंचाळते आणि कपाटाखाली जाऊन बसते ती तासन् तास. रक्त वगैरे कधी आलं नाही. दोघांची नसबंदी झालीये. पण हल्ली ती बेडवरही चढत नाही आणि अधूनमधून बॉक्सच्या बाहेर शू करते. घरचे म्हणतात रुसलीये, होईल सवय. मला तसं वाटत नाहीये. गुंड्याला दुसरं घर बघावं का?

जुना_बोका:
एकदा काय ते होऊन जाऊ दे, आपापसात ठरवतात ती कोण मोठं ते. आपण मधे पडलं की उलट लांबतं.

मिशीवाली:
घर बघायच्या आधी मनीला व्हेटकडे न्या, गुंड्याचं नंतर बघू. बेडवर चढत नाही आणि बाहेर शू करते ही लक्षणं रुसव्याची नाहीत, दुखण्याची जास्त वाटतायत. १२ वर्षांच्या पुढे बहुतेक मांजरांचे सांधे झिजलेले असतात, पण मांजर लंगडत नाही त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही. ती फक्त उड्या मारायचं सोडते. कमरेपाशी, शेपटीच्या वर हात फिरवून बघा, तिथे केसांच्या गुठळ्या झाल्या असतील तर मान मागे वळवून चाटणं तिला जमत नाहीये असं समजा. आणि नेमक्या त्याच कमरेवर हा गडी उडी मारतोय, मग किंचाळणार नाही तर काय! रक्त, लघवी, ब्लड प्रेशर, थायरॉइड, किडनी, दात सगळं बघायला सांगा. घरात ती चालताना, चढताना व्हिडिओ काढून न्या, क्लिनिकमध्ये मांजर काहीच दाखवत नाही. आणि हो, माणसांची पेनकिलर चुकूनही देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

@जुना_बोका, दोन तरुण बोके असते तर एक वेळ सोडा (तरी मी म्हणणार नाही), इथे एकीला पळताही येत नाहीये.

शेपूटफुगी:
मिशीवालीला +१. गुंड्याबद्दल मात्र सांगते, तो दुष्ट नाहीये हो, त्याला खेळायला कोणी नाहीये. खरा खेळ असला की आळीपाळी असते, कधी हा वर कधी ती, नखं आत, आवाज फारसा नाही. तुमच्याकडे सगळं एकतर्फी चाललंय. दोरीला पीस बांधलेलं खेळणं घ्या, लपवा, पळवा, मधूनमधून पकडू द्या, धाप लागेपर्यंत दमवा आणि लगेच जेवायला वाढा, खाऊन झोपतोच. सकाळ-संध्याकाळ रोज. लेझर नको, हाताला काही लागत नाही आणि मग तो चिडून परत मनीकडेच जातो.

तोवर दोघांना वेगळं करून नव्याने ओळख करून द्या. बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, गालावर फिरवलेलं फडकं एकमेकांच्या अंथरुणात, म्हणजे वासाची ओळख होते, मग जाळीतून दर्शन, आणि मग आपण समोर असताना थोडा वेळ एकत्र. कोणी जेवण सोडलं की एक पायरी मागे. आठवडे जातात, कधी महिने. फिस्कारल्याबद्दल मनीला ओरडू नका, ती नाही म्हणतेय तेवढंच. तो टक लावून बघायला लागला की मधे पुठ्ठा धरा, नजर तुटली की पुढचं टळतं.

मिशीवाली:
बॉक्स किती आहेत? दोन मांजरांना तीन हवेत, आणि एका ओळीत ठेवले तर तो एकच धरला जातो. मनीचा एक तरी कमी उंचीच्या काठाचा, उघडा, आणि कोपऱ्यात कोंबलेला नको, दोन्हीकडून निघता आलं पाहिजे. बेडला पायरी लावा.

मनीची_माणसं:
कमरेपाशी खरंच गुठळ्या आहेत 😟 मला वाटलं थंडीचे केस. बॉक्स दोनच आहेत, शेजारी शेजारी. व्हेटची वेळ घेतलीये. पण रात्री गुंड्याला वेगळ्या खोलीत बंद केलं तर तो दार खरवडत बसतो, वाईट वाटतं. आणि मनी आल्यावर लगेच एकत्र सोडू का?

शेपूटफुगी:
लगेच नको. क्लिनिकच्या वासाने तो तिला परकी समजून अंगावर जाऊ शकतो, थोडा वेळ वेगळी ठेवा, तिला चाटूनपुसून घेऊ दे. रात्रीचं म्हणाल तर झोपायच्या आधी दमवा, खोलीत चढायला उंच जागा आणि खाणं लपवलेलं एखादं खेळणं ठेवा. थोडे दिवस खरवडेल. दार उघडलंत तर मात्र रोजच खरवडेल.

जुना_बोका:
दुखण्याचं माझ्या डोक्यात नव्हतं. कॅरिअर (मांजर न्यायचा पिंजरा) आजच बाहेर काढून उघडा ठेवा, आत तिचं जुनं पांघरूण टाका, नाहीतर त्या दिवशी कपाटाखालून काढताना तुमचेच हात ओरबाडून निघतील.