स्पॅनिशमध्ये ‘ले’ आणि ‘ला’ एकत्र आले की ‘से ला’ का होते?

प्रश्न : रावेरकर

मी रावेर तालुक्यात केळीच्या निर्यातीचे काम पाहतो. घडांवर चढवायच्या पिशव्या आणि फण्या धुण्याची यंत्रसामग्री यांसाठी लॅटिन अमेरिकेतील एका पुरवठादाराशी आमचा पत्रव्यवहार चालतो आणि तो स्पॅनिशमध्ये असतो. केळीच्या निर्यातीत एक्वादोर जगात पहिल्या क्रमांकावर असल्याने या धंद्याविषयीचे पुष्कळ उपयुक्त लेखनही त्याच भाषेत आहे, म्हणून मी ती शिकू लागलो.

कर्माची सर्वनामे एकेकटी आली तर मला अडचण येत नाही. ‘ले एन्बीओ ला फाक्तुरा’ म्हणजे ‘मी त्यांना बीजक पाठवतो’ आणि ‘ला एन्बीओ’ म्हणजे ‘मी ते पाठवतो’, इथपर्यंत सरळ आहे. मात्र दोन्ही एकत्र करायची झाली की पुस्तक सांगते, ‘ले ला एन्बीओ’ म्हणू नका, ‘से ला एन्बीओ’ म्हणा; आणि कारण न देता पुढच्या धड्याकडे वळते. या ‘से’मध्ये त्याला, तिला, त्यांना आणि आपल्याला असे सगळेच सामावत असेल, तर बीजक नक्की कोणाला गेले हे वाचणाऱ्याने कसे ओळखायचे? शिवाय ही जोडी कधी क्रियापदाच्या आधी सुटी येते आणि कधी त्याच्या शेपटीला चिकटते, त्यामागचे सूत्रही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : स्पॅनिश शिक्षिका, जळगाव

आपल्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी न विचारलेली एक गोष्ट सांगते, कारण मराठी विद्यार्थ्यांची गाडी माझ्या मते खरी तिथेच अडते. आपल्याकडे कोणी विचारले, ‘बीजक पाठवले का त्यांना?’ तर आपण म्हणतो, ‘हो, पाठवले.’ चिठ्ठी असती तर ‘पाठवली’ म्हटले असते आणि पिशव्या असत्या तर ‘पाठवल्या’. कोणती वस्तू, एक की अनेक, हे भूतकाळातले आपले क्रियापद स्वतःच सांगून टाकते आणि कोणाला हे संदर्भाने कळते, त्यामुळे दोन्ही सर्वनामे आपण बिनदिक्कत गाळतो. स्पॅनिश क्रियापद वस्तूविषयी काहीच बोलत नाही, ते फक्त करणाऱ्याविषयी बोलते. ‘एन्बिए’ या एका शब्दात ‘मी पाठवले’ एवढे सगळे असल्यामुळे तिथे ‘मी’ गाळला जातो. पण काय पाठवले आणि कोणाला, हे मात्र सर्वनामांनीच सांगावे लागते. म्हणून ‘ले एन्बियास्ते ला फाक्तुरा?’ याचे उत्तर ‘सी, से ला एन्बिए’ असे येते. नुसते ‘सी, एन्बिए’ म्हटले तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहील.

आता क्रम. आधी घेणारा, मग वस्तू : ‘मे लो’ (मला तो), ‘ते ला’ (तुला ती), ‘नोस लोस’ (आम्हाला ते, म्हणजे अनेक). आपले ‘मला ते’ असेच आहे, परंतु आपण ‘ते मला दे’, ‘दे ना मला ते’ असे शब्द हवे तसे फिरवतो. स्पॅनिशमध्ये ही मुभा नाही. ‘लो मे’ असे कोणी म्हणत नाही.

लिंग ठरवताना मराठी शब्द डोक्यातून काढावा लागतो. बीजक नपुंसकलिंगी असले तरी ‘फाक्तुरा’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला’. आपले केळे नपुंसकलिंगी, तर त्यांचे ‘बानानो’ पुल्लिंगी, म्हणून ‘लो’. (एक्वादोरच्या लेखनात निर्यातीचे, खाण्याचे केळे ‘बानानो’ असते आणि ‘प्लातानो’ हे शिजवून वा तळून खायचे असते, हेही ध्यानात ठेवा, मागणीपत्रात हा घोळ महागात पडेल.) एका ठिकाणी मात्र मराठी माणसाला आयता फायदा आहे. वस्तू नसून एखादे आख्खे विधान असेल, तर स्पॅनिश ‘लो’ वापरते : ‘से लो दिखे’, म्हणजे ‘ते मी त्यांना सांगितले’. आपले नपुंसकलिंगी ‘ते’ नेमके हेच काम करते.

जागेविषयी सूत्र असे आहे की, काळ आणि पुरुष दाखवणारे क्रियापद असेल तर जोडी त्याच्या आधी, सुटी येते. होकारार्थी आज्ञा, धातूचे मूळ रूप आणि ‘करत’ या अर्थाचे रूप यांना ती मागून चिकटते. ‘ते मला पाठवा’ म्हणजे ‘एन्बीएमेला’, पण ‘ते मला पाठवू नका’ म्हणजे ‘नो मे ला एन्बीए’. नकार आला की जोडी पुन्हा पुढे येते. ‘मी त्यांना ते पाठवणार आहे’ हे ‘से ला बोय आ एन्बियार’ असेही होते आणि ‘बोय आ एन्बियार्सेला’ असेही, पण एक सर्वनाम पुढे आणि एक मागे अशी फाळणी चालत नाही. लिहिताना एक बारकावा सांभाळावा लागतो. ‘एन्बियार्ला’ या शब्दावर स्वराघाताची तिरकी रेघ लागत नाही, पण ‘एन्बियार्सेला’मध्ये ‘यार’मधल्या आ-कारावर ती द्यावीच लागते, शब्द लांबला तरी जोर जुन्याच जागी राहतो आणि रेघ तेवढेच सांगते.

‘से’ म्हणजे नक्की कोण, ही शंका आली तर शेवटी स्पष्ट करतात : ‘से ला एन्बिए आ एल’ (त्याला), ‘आ एया’ (तिला), ‘आ उस्तेदेस’ (आपणा सर्वांना). आपल्याला विचित्र वाटेल, पण व्यवस्थापकाचा थेट उल्लेख असतानाही ‘ले एन्बिए ला फाक्तुरा आल खेरेन्ते’ हेच वाक्य नैसर्गिक आहे, म्हणजे ‘ले’ही आहे आणि व्यवस्थापकही. वस्तूच्या बाबतीत अशी पुनरुक्ती सहसा होत नाही. मात्र ती वाक्याच्या तोंडाशी आणली तर आवश्यकच ठरते : ‘ला फाक्तुरा से ला एन्बिए आयेर’, बीजक तर मी काल पाठवले.

उत्तर : अहिराणी भाषक, धुळे

ताईंच्या उत्तरात आपल्या भागापुरती भर घालतो. अहिराणीत आपण ‘माले दे’, ‘तुले सांगस’, ‘त्याले दे’ म्हणतो, म्हणजे घेणाऱ्याला ‘ले’ लागतो. स्पॅनिश ‘ले’शी त्याचे नाते नाही, तो निव्वळ योगायोग आहे, तरीही घेणारा तो ‘ले’ हे लक्षात ठेवायला आम्हा धुळेकरांना त्याचा उपयोग होतो.

मात्र ही युक्ती अर्ध्या वाटेवर दगा देते. ‘त्याले देख’ यातही तोच ‘ले’ आहे आणि प्रमाण मराठीत ‘त्याला पाहिले’ व ‘त्याला दिले’ यांत तोच ‘ला’ आहे. स्पॅनिशमध्ये मात्र ‘त्याला पाहिले’ याचे ‘लो बी’ होते आणि ‘त्याला दिले’ याचे ‘ले दी’. निवड करताना मी एक प्रश्न विचारून पाहतो. ‘त्याला काय दिले?’ या प्रश्नाला अर्थ आहे, म्हणून तिथे ‘ले’. ‘त्याला काय पाहिले?’ हा प्रश्नच होत नाही, म्हणून तिथे ‘लो’. स्पेनमध्ये एका पुरुषाविषयी बोलताना ‘ले बी’ ही ऐकू येते आणि भाषेचे नियम सांगणारी तेथील अकादमी ते मान्य करते. परंतु रावेरकरांचा व्यवहार लॅटिन अमेरिकेशी असल्याने त्यांनी ‘लो’ धरून चालावे.

उत्तर : भाषाशास्त्राचा विद्यार्थी, भुसावळ

‘ले’चे ‘से’ का होते, हा मूळ प्रश्न अजून बाकी आहे. शिकवणीत एक उत्तर हमखास मिळते, की ‘ले लो’ हे कानाला गोड लागत नाही. ते मला पटत नाही, कारण ‘बावळट’ या अर्थाचा ‘लेलो’ हा शब्द स्पॅनिशमध्ये सुखेनैव नांदतो आणि ‘पारालेलो’ म्हणताना कोणाची जीभ अडत नाही.

खरे कारण इतिहासात आहे. लॅटिनमधील ‘इल्ली इल्लुम’ या जोडीपासून मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘गे लो’ तयार झाले. लिहिण्यात ‘ग’ असला तरी त्याचा उच्चार आपल्या ‘झेंडा’मधल्या ‘झ’च्या जवळचा, घासून काढलेला होता. अनेकवचनही त्याच साच्यात ओढले गेले. पुढे हा ध्वनी आणि ‘स’ यांची गल्लत होऊ लागली, स्वतःवाचक ‘से’ आधीच भाषेत होता, आणि सोळाव्या शतकाअखेर ‘गे लो’ मागे पडून ‘से लो’ रूढ झाले. इटालियनमध्ये याच जोडीचे ‘ल्येलो’ झाले आणि तिथेही त्याला, तिला व त्यांना हा भेद पुसला गेला. म्हणजे ‘से ला एन्बीओ’मधला ‘से’ हा वेश बदललेला ‘ले’च आहे, ‘स्वतःला’ असा अर्थ त्यात शोधू नये.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : रावेरकर

आपणा सर्वांचे आभार. उत्तरे वाचून पुरवठादाराची जुनी पत्रे पुन्हा काढली, तर एका करारपत्राविषयी त्यांनी ‘या से लोस एन्बिए’ असे लिहिलेले दिसले. करारपत्र एकच होते, मग ‘लोस’ कसे? आणि ‘विसरलो’ या अर्थी ते ‘से मे ओल्बिदो’ लिहितात. घेणारा आधी असेल तर ते ‘मे से’ का नाही?

उत्तर : स्पॅनिश शिक्षिका, जळगाव

दुसऱ्या शंकेचे उत्तर लहान आहे. कोणत्याही जोडीत ‘से’ असेल तर तो पहिला, मग तो कोठल्याही प्रकारचा असो. ‘मे से’ बोलणारे स्पेनमध्येही भेटतात, पण ते अशिक्षितपणाचे लक्षण मानले जाते.

‘लोस’ची गोष्ट अधिक रंजक आहे. पत्र आपल्या सर्वांना उद्देशून होते, म्हणजे घेणारे अनेक होते. परंतु ‘से’ला अनेकवचन नसल्यामुळे ते दाखवायला जागा उरत नाही. लॅटिन अमेरिकेत मग ते अनेकवचन उचलून शेजारच्या ‘लो’वर ठेवतात आणि एकच करारपत्र ‘लोस’ होऊन बसते. सुशिक्षितांच्या बोलण्यातही ही लकब सर्रास आहे, तरी अकादमीच्या २००५ च्या शंकाकोशात काटेकोर भाषेत ती टाळावी अशीच शिफारस आहे. आपण लिहिताना ‘से लो एन्बिए आ उस्तेदेस’ असे लिहा. त्यांचे पत्र वाचताना मात्र ‘लोस’ दिसल्यावर करारपत्रे दोन होती की काय, अशा काळजीने फाइल उघडायची गरज नाही. संख्येविषयी खरोखर शंका असेल तर ‘कुआन्तोस?’ (‘किती?’) असे विचारून घ्या.