आईबाबांना घेऊन रेडवुड रिजनल पार्कचा छोटा लूप: कुठल्या गेटने जावं?

सांगलीकर_फ्रिमाँट
नमस्कार मंडळी. आईबाबा सांगलीहून आलेत, बाबांना रोज घाटापर्यंत चालायची सवय त्यामुळे इथे कॉलनीत त्याच त्याच चकरा मारून कंटाळलेत. म्यूर वुड्सला (तिथे पण रेडवुडची उंच झाडं आहेत) पार्किंगचं आधी बुकिंग करा वगैरे प्रकार आहे म्हणून ओकलंडच्या डोंगरातलं रेडवुड पार्क डोक्यात आहे. दोनेक तासांत होणारा, झाडीतला लूप हवाय. आईला चढ चालतो पण उतारावर गुडघे दुखतात, आणि ती कुत्र्यांना खूप घाबरते. नकाशात स्कायलाइन गेट पण दिसतंय आणि खाली रेडवुड रोडवरचं पण, कुठून सुरू करू?

डोंगरवाट
स्कायलाइन गेट. वेस्ट रिज ट्रेलवरून निघायचं, रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहे, मग डावीकडे फ्रेंच ट्रेल, तिथून त्रेस सेंदास ट्रेलने खाली ओढ्यापाशी आणि स्ट्रीम ट्रेलने चढून परत गेटवर. तीन-साडेतीन मैल होतील. बरेच जण उलटे जातात पण तुम्ही असेच जा, कारण स्ट्रीम ट्रेलचा गेटजवळचा तुकडा चांगलाच उभा आहे, तो काकूंना उतरायला लागू नये, चढायलाच यावा. त्रेस सेंदासवर मुळं वर आलेली आहेत, पाऊस झाला की चिखल, काठी असू द्या. वेस्ट रिजवर मोकळी कुत्री आणि सायकली दोन्ही असतात त्यामुळे तेवढा भाग काकूंना मध्ये घेऊन चाला, स्ट्रीम ट्रेलवर कुत्र्याला पट्टा लागतोच.

कॅस्ट्रोव्हॅली_वहिनी
मी खालच्याच गेटच्या बाजूने आहे. फ्रिमाँटहून कॅस्ट्रो व्हॅलीमार्गे ते सोपं पडतं, आणि गुडघ्यांचा प्रश्न असेल तर लूपचा हट्ट कशाला, ओढ्याकाठाने सपाट रस्ता आहे, सुरुवातीला तर डांबरीच, दमलं की मागे वळायचं. वीकेंडला पार्किंगचे पैसे घेतात तेवढंच. त्या ओढ्यात ट्राउट आहेत, रेनबो ट्राउटचं शास्त्रीय वर्णन १८५५ मध्ये हा ओढा ज्या सॅन लिएंड्रो क्रीकला मिळतो तिथल्या माशांवरून झालं, ओढ्यात मासेमारीला बंदी आहे, मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

आणि पॉयझन ओक! तीन-तीन पानांचं झुडूप, वाटेच्या कडेला सगळीकडे. आईबाबांना एवढंच सांगा की हे बिब्ब्याच्या कुळातलं आहे, अंगाला लागलं की बिब्बा उततो तसं उततं. आमच्या सासूबाईंना हे सांगितल्यावर दुसरं काही सांगावं लागलं नाही.

जुनं_झाड
दोन्ही वाटा छान आहेत पण बाबांना एक गोष्ट नक्की दाखवा. इथली झाडं उंच आहेत पण म्हातारी नाहीत, मूळचं जंगल १८४० ते १८६० च्या सुमारास सगळं तोडलं, सॅन फ्रान्सिस्को उभं राहत होतं त्याला लाकूड हवं होतं. मूळची झाडं एवढी मोठी होती की १८२६ मध्ये इथे आलेले ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन बीची यांनी लिहून ठेवलंय, खाडीत शिरणाऱ्या जहाजांनी डोंगरावरच्या दोन रेडवुडचा नेम धरायचा म्हणजे पाण्याखालचा ब्लॉसम रॉक चुकवता येतो. ती दोन झाडंसुद्धा कापली. शेजारच्या रॉबर्ट्स पार्कमध्ये त्याची पाटी आहे. पण रेडवुड बुंध्यातून परत फुटतं, म्हणून आता खाली दरीत झाडं गोल रिंगण करून उभी दिसतात, मधली मोकळी जागा म्हणजे तोडलेलं आईझाड. बाबांना त्या रिंगणात उभं करा आणि वर बघायला सांगा. मला तरी सगळ्या बे एरियात याहून मोठं काही दाखवण्यासारखं वाटत नाही.

सांगलीकर_फ्रिमाँट
सगळ्यांचे खूप आभार. ठरलं, आईला घेऊन आधी वहिनी म्हणतात तसं खालून ओढ्याकाठाने जातो, तिला जमलं तर पुढच्या वेळी वरचा लूप. बिब्ब्याचं ऐकून आईने आत्ताच पूर्ण बाह्यांचा ड्रेस काढून ठेवलाय. डिसेंबरपर्यंत आहेत दोघं, थंडीत गेलो तर काही वेगळं बघायला मिळतं का?

डोंगरवाट
मिळतं ना, लेडीबग, ते ठिपकेवाले लाल किडे! थंडीत हजारोंनी गोळा होतात, स्ट्रीम ट्रेलला प्रिन्स रोड मिळतो तिथे कुंपणावर, फांद्यांवर नुसते लाल थर. नोव्हेंबर-डिसेंबरात जा, पाय ठेवताना खाली बघा, वाटेवर पण असतात. आणि फोनला दरीत रेंज नसते, नकाशा घरूनच डाउनलोड करून न्या.