आधी फोटो द्या हातात
आनंदीबाई जोशींवरच्या प्रकल्पात सगळी मुलं तेच ते उतरवून आणतात, ही तुम्हा शिक्षकांची तक्रार रास्त आहे. मी म्हणेन, लेख राहू दे, आधी १८८५ चा फिलाडेल्फियातला फोटो द्या हातात. साडीतल्या आनंदीबाई, शेजारी किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. प्रश्न आपसूक पडतात.

मग तारखा. जन्म ३१ मार्च १८६५, डॉक्टरकीची पदवी ११ मार्च १८८६. एकविशी पुरी व्हायला वीस दिवस बाकी! हे गणित पोरांनाच करू दे (मोठेही चुकतात). आणि अस्थी थेट न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सीला का गेल्या, एवढं विचारून सोडून द्या. अमेरिकेत आनंदीबाईंना आपल्या घरी आसरा देणाऱ्या कार्पेंटरबाईंपर्यंत ती आपली आपण पोचतील.